ढोलकीचे अवयव आणि ड्रमचे अवयव : नव्याने शिकणाऱ्यांसाठी पाठ

खटाव तालुक्यातील वडूज व त्याच्या आसपासच्या खेड्यांतून आमचे जाणे-येणे असते. अलीकडे तेथील काही मंडळ्यांतील तरुणांनी वर्गणी जमवून ड्रम ह्या नावाने ओळखला जाणारा विलायती वाद्यसंच विकत घेतला आहे, अथवा घेण्याचे योजिले आहे. त्यांचा उत्साह मोठा आहे व तो आम्हांस आवडतो. परंतु त्या संचातील कोणत्या वस्तूस काय म्हणतात असे विचारले असता, ‘हा मोठा, तो बारका, आणि त्या थाळ्या’ ह्यापलीकडे उत्तर मिळत नाही. वाजविता आले म्हणजे झाले, नावे घेऊन काय करावयाचे, असेही कित्येक म्हणतात. ह्या म्हणण्याने एका मंडळीचे चांगलेच नुकसान झाले, ते सांगून मग पाठाकडे वळू.

त्या मंडळीने ‘पाच नगांचा संच’ म्हणून दुकानदारास पैसे दिले. गाडीतून पाच ड्रम उतरले. थाळ्या नाहीत, पायाने दाबावयाचे पेडल नाही, बसावयास बैठक नाही. विचारता दुकानदार म्हणाला, ‘पाच नग म्हणजे पाच ड्रम, बाकीचे निराळे.’ आणि त्या धंद्याची रीत खरोखरच अशी आहे. ड्रमचे नग मोजताना केवळ चामड्याची तोंडे असलेली वाद्ये मोजतात. थाळ्या कितीही असोत, त्या मोजणीत येत नाहीत. ‘शेल पॅक’ म्हणून जे विकतात त्यात तर पुष्कळदा नुसते ड्रमच असतात. मोलमजुरी करून जमविलेले पैसे त्या मंडळीस दुसऱ्यांदा जमवावे लागले. ज्या वस्तूचे नाव आपणांस ठाऊक नाही ती आली नाही तरी आपणांस कळत नाही, आणि हरवली तरी मागता येत नाही.

आता पाठ. नवी नावे शिकण्याची उत्तम वाट जुन्या नावांवरून जाते. म्हणून प्रथम घरची वाद्ये घेऊ. जगातील कोणतेही चामड्याचे वाद्य घ्या, त्यात तीन गोष्टी असावयाच्याच : ज्यावर आघात करावयाचा ते चामडे, ज्यात नाद घुमावयाचा ती पोकळी, आणि चामडे ज्याने ताणून धरले आहे ते साधन. ह्या तीन ठिकाणी बोट ठेवून ‘ह्यास काय म्हणतात?’ असे विचारीत गेले म्हणजे अर्धी नावे आपोआप हाती येतात.

तबल्याची जोडी पुढे घ्या. उजव्या हाताखालचा लाकडी तो तबला आणि डाव्या हाताखालचा धातूचा अथवा मातीचा तो डग्गा. तबल्याच्या लाकडास खोड म्हणतात. तोंडावर बसविलेले चामडे ती पुडी. पुडी एकाच कातड्याची असते असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाही. वरचे कातडे मध्ये कापून काढून काठावर जी पट्टी राहू देतात ती चाट, अथवा किनार. तिच्या आत जे मोकळे कातडे दिसते ती लव. कोणी तीस मैदानही म्हणतात. मधोमध काळी गोल आहे ती शाई. पुडीच्या भोवताली वेणीप्रमाणे गुंफलेला कातड्याचा गोफ तो गजरा. गजऱ्यातून बुडाकडील कड्यापर्यंत खाली-वर ओढून घेतलेली कातड्याची लांब पट्टी ती वादी. वादी व खोड ह्यांच्यामध्ये खोचलेले लाकडी ठोकळे ते गठ्ठे. ते आठ असतात. आणि तबला ज्या कापडी वेटोळ्यावर बसवितात ती चुंबळ. हे नाव आमच्या भगिनींस शिकवावयास नको, कारण घागरीखाली डोक्यावर घेतात तीच ही.

नाव कळले की काम कळते. गजऱ्यावर वरून हातोडीने हलके ठोकले तर पुडी ताणली जाऊन स्वर चढतो. खालून वर ठोकले तर उतरतो. बराच फरक करावयाचा असेल तर गठ्ठे खाली सरकवावयाचे. जो मुलगा ‘तबला चढव’ एवढेच ऐकतो तो भलत्याच जागी, कधी कधी शाईवरच, हातोडी घालतो आणि पुडी फोडून ठेवतो.

शाईविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या देशाच्या कारागिरांनी जगाच्या वाद्यविद्येत जी मोलाची भर घातली आहे तीत ही काळी गोल टिकली अग्रभागी आहे. लोखंडाची बारीक पूड आणि पिठाची अथवा भाताची खळ ह्यांचा लेप थरावर थर देऊन प्रत्येक थर दगडाने घोटतात. साध्या चामड्यावर आघात केला असता मूळ स्वराबरोबर जे वरचे स्वर उठतात ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून साधा ढोल ‘धड’ असा वाजतो, गात नाही. मधोमध वजन घातल्याने ते वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींच्या जवळ येतात, आणि चामडे तंतुवाद्यासारखे स्वरात बोलू लागते. ह्याचा शास्त्रीय उलगडा सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२० साली व अधिक विस्ताराने १९३४ साली प्रसिद्ध केला. प्रकाशाविषयीच्या शोधाबद्दल १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेला हा पुरुष, त्यानंतरही मृदंग-तबल्याच्या पुडीपुढे बसून प्रयोग करीत होता. ज्यांनी ती शाई प्रथम घोटली त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

पखवाज म्हणजे आडवे एकच खोड आणि त्यास दोन तोंडे. उजव्या तोंडास शाई. डाव्या तोंडास धुमा म्हणतात, व त्यावर वाजविण्याच्या वेळी ओली कणीक लावतात आणि वाजवून झाल्यावर खरवडून काढतात. ढोलकीचे खोडही आडवे, पण तिच्या डाव्या पुडीस आतल्या अंगाने मसाला लावलेला असतो, म्हणून प्रत्येक वेळी कणकेची खटपट नाही. ढोलकीस वादीच्या ऐवजी बहुधा दोरी असते, आणि दोरीच्या दोन-दोन पदरांवर धातूच्या कड्या असतात. कडी ओढली की दोर आवळतो. हल्ली दोरीऐवजी नट-बोल्ट लाविलेल्या ढोलक्याही पुष्कळ मिळतात. त्या सोयीच्या आहेत. संबळ, दिमडी व धनगर बंधूंचा गजी ढोल ह्यांची नावे ज्याने त्याने आपापल्या गावी विचारून घ्यावी. माण-खटावात गजी ढोल वाजविणारे जाणते लोक आहेत, आणि विचारणाऱ्यास ते आनंदाने सांगतात.

हलगीपाशी मात्र आपण थांबले पाहिजे.

हलगीची रचना सर्वांत साधी आहे. एक गोल कडे, पूर्वी लाकडाचे, आता बहुधा लोखंडाचे. त्यावर ताणून बसविलेले बकऱ्याचे चामडे. आणि वाजविण्यास एका हातात आखूड जाड टिपरी व दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. खोड नाही, शाई नाही, वादी-गठ्ठे नाहीत. ताण देण्याचे साधन म्हणजे विस्तव. काटक्या-पाचटाचा जाळ करून त्यावर चामडे शेकतात, बोटाने टिचकी मारून पाहतात, आणि कान ‘आता झाले’ म्हणेपर्यंत पुन्हा शेकतात. पावसाळ्यात दमट हवेने चामडे ढिले पडते, उन्हाळ्यात कडक होते. तेव्हा किती शेकावे ह्याचा नियम पुस्तकात सापडत नाही. तो हलगी वाजविणाऱ्या माणसाच्या बोटात असतो.

आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांचे आजे-पणजे हे काम करीत. दवंडी, वरात, जत्रा, मयत, ह्या सर्वांपुढे हलगी. आणि वाजविणाऱ्यास गावकुसाबाहेर जागा. हे काम मांग समाजाच्या माथी मारलेले होते, आणि नाही म्हणण्याची मुभा नव्हती. पुढे ज्यांना मोकळीक मिळाली त्यांनी हलगी खुंटीस टांगली ह्यात नवल नाही. १९२७ सालच्या महाडच्या परिषदेपासून डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून महार समाजानेही गावकीची हीन कामे टाकून देण्याची वाट धरली, आणि ती वाट न्यायाची होती. हे सर्व आम्ही मान्य करतो. परंतु एक विचारावेसे वाटते. त्यांनी टाकले ते काय? सक्ती टाकली, अपमान टाकला. चामड्याने व कड्याने कोणाचा काय अपराध केला होता?

शास्त्र उघडून पाहावे. निर्गमच्या पंधराव्या अध्यायात समुद्र ओलांडून आलेली मिर्याम हाती डफ घेते आणि सर्व स्त्रिया डफ घेऊन तिच्यामागे निघतात. ते वाद्य कोणते? मूळ इब्री भाषेत त्यास ‘तोफ’ म्हणतात; आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला ‘डफ’ हा शब्द त्याचाच सोयरा आहे. कड्यावर चामडे ताणलेले, हातात धरून वाजवावयाचे. म्हणजे पेटी नव्हे, ऑर्गन नव्हे. आपल्या हलगीच्या अगदी भाऊबंदांतले. दास्यातून सुटलेल्या लोकांनी सुटकेच्या दिवशी हेच वाद्य हाती घेतले होते. शिवाय ते वाजविणाऱ्या स्त्रिया होत्या. तेव्हा वाद्य शिकविताना मुलींस मागे बसवू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आमच्या मनातील खरी काळजी ही आहे की, आजचा मुलगा ‘रिम’ म्हणावयास शिकतो आणि आज्याचे ‘कडे’ विसरतो. एक शब्द आला म्हणून दुसरा जावा असे काही नाही. रेव्ह. नारायण वामन टिळक १९१७ साली नगर सोडून साताऱ्यास राहावयास आले. विलायती चालींच्या शेजारी अभंग व भजन ह्यांस मंडळीच्या उपासनेत मान मिळवून देणाऱ्यांत ते अग्रेसर होते. टाळ-मृदंगास उपासनेत जागा आहे की नाही हा प्रश्न त्या पिढीने सोडविला. आता ड्रमास जागा देताना टाळ-मृदंगाची जागा काढून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता ड्रम. हा संच पाहून भिण्याचे कारण नाही. आपल्या लग्नाच्या बँडात एक मनुष्य मोठा ढोल वाजवितो, एक गळ्यात साइड ड्रम अडकवितो, एक झांजा वाजवितो. पाश्चात्य देशांतही पूर्वी असेच होते. तीन माणसांचे काम एकाने बसून करावे ह्या खटपटीतून हा संच जन्मला. १९०९ साली अमेरिकेतील शिकागो शहरी विल्यम लुडविग ह्यांनी मोठा ढोल पायाने वाजविण्याचे चांगले पेडल तयार केले, आणि वाजविणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे झाले. पायाने मिटणारी थाळ्यांची जोडी १९२० नंतरच्या दशकात आली. म्हणजे ह्या संचात कोणी परका नाही. आपल्या बँडातील तिघे एका बैठकीवर बसले आहेत, इतकेच.

पायापाशी उभा ठेवलेला सर्वांत मोठा तो बास ड्रम. वाजविणारे त्यास किकही म्हणतात. साधारणपणे तो २० किंवा २२ इंचांचा असतो. त्यास उजव्या पायाच्या पेडलने वाजवितात; पेडलच्या टोकाशी जो गोळा चामड्यावर आपटतो तो बीटर. दोन गुडघ्यांच्या मध्ये येतो तो स्नेअर, बहुधा १४ इंचांचा. हाच आपल्या बँडातील साइड ड्रम. त्यास उलटे करून पाहा. खालच्या पुडीस चिकटून बारीक तारांचा एक पट्टा दिसेल. ह्या तारांनाच स्नेअर म्हणतात व त्यांच्यावरून ड्रमास नाव पडले आहे. वर काठी मारली की खाली तारा थरथरतात आणि ‘टर्र’ असा कोरडा आवाज येतो. बाजूस एक खटका असतो. तो पाडला की तारा पुडीपासून सुटतात. नवशिक्यांचा स्नेअर ‘बिघडला’ अशी तक्रार येते तेव्हा दहांत निम्म्या वेळा तो खटकाच पडलेला असतो.

बास ड्रमाच्या वर बसविलेले दोन लहान ते टॉम, आणि उजव्या बाजूस तीन पायांवर उभा तो फ्लोअर टॉम. ‘टॉम-टॉम’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून उचलला. सतराव्या शतकाच्या शेवटी हिंदी, तेलुगू अशा भाषांतील ढोलाच्या ‘टम-टम’ आवाजावरून तो त्यांच्या बोलीत गेला, आणि आता मोठी किंमत लावून परत आला आहे.

थाळ्यांस सिंबल म्हणतात. डाव्या हाताशी, काठीवर समोरासमोर बसविलेल्या दोन थाळ्या म्हणजे हाय-हॅट. आपल्या टाळांची जोडी कोणी आडवी बसवून तिला पायाची दोरी बांधली आहे असे समजावे. डाव्या पायाने दाबले की मिटते. तिची वरची थाळी दांड्यास धरून ठेवणारा एक लहानसा स्क्रू असतो, त्याचे नाव क्लच. हे नाव पाठ करावेच, कारण उठाठेवीत तोच हरवतो, आणि तो नसला की सगळी हाय-हॅट निकामी. सतत ताल धरण्याची मोठी थाळी ती राइड. एकदम झणाणून सोडावयाची ती क्रॅश. थाळीच्या मध्यभागी झांजेच्या वाटीसारखा जो उंचवटा असतो त्यास बेल म्हणतात. स्टँडवर थाळी बसविताना खाली-वर नमद्याच्या चकत्या आणि मध्ये एक नळी घालावी लागते. ती न घातल्यास लोखंडावर घासून थाळीचे भोक लांबट होते व पुढे तेथूनच ती चिरते. चांगल्या थाळ्या तांबे ८० भाग व कथील २० भाग ह्या मिश्रधातूच्या, म्हणजे आपल्या काशाच्याच कुळातल्या असतात. स्वस्त संचात पितळेच्या देतात. दोन्ही टिचकी मारून ऐकाव्या. ज्याने काशाचे भांडे पडल्याचा आवाज ऐकला आहे त्यास फरक सांगावा लागत नाही.

आता घरच्या नावांशी सांगड घाला. खोड म्हणजे शेल. पुडी म्हणजे हेड. वरची, जिच्यावर मारतात, ती बॅटर हेड, आणि खालची, जी नुसती घुमते, ती रेझोनंट हेड. गजऱ्याचे काम करणारे धातूचे कडे ते हूप, अथवा रिम. वादीचे काम करणाऱ्या लांब स्क्रूंस टेन्शन रॉड म्हणतात. ते ज्यात फिरतात ते खोडावरील तुकडे म्हणजे लग. हातोडीच्या जागी की आहे, म्हणजे किल्ली. तिने रॉड आवळावयाचे. आवळताना एकापुढचा एक असे न घेता समोरासमोरचे घ्यावे, म्हणजे पुडी एका अंगास खेचली जात नाही. पूर्वी ह्या पुड्याही वासराच्या कातड्याच्या असत. १९५७ च्या सुमारास पॉलिस्टरच्या पुड्या निघाल्या, म्हणून ड्रम पावसाळ्यात ढिला पडत नाही आणि त्यास शेकावे लागत नाही. हा त्याचा गुण. परंतु त्यास शाई नाही, तेव्हा तबल्यासारखा तो षड्जात मिळणार नाही, हेही ध्यानी ठेवावे. आणि पत्र्याच्या लहान मंदिरात क्रॅश थाळी जपून वाजवावी. भजनाचे शब्द ऐकू आले नाहीत तर ती म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रियांचा हिरमोड होतो.

उपदेशक बंधूंनी शिकविताना पुढील रीत धरावी असे आम्ही सुचवितो. कागदाच्या पट्ट्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहून त्या त्या भागावर चिकटवाव्या. पट्टी पाहून मुलाने नाव उच्चारावे, मग त्या भागावर आघात करून नाद ऐकावा, मग त्या नादास आपला बोल द्यावा : बास ड्रमास ‘धुम’, स्नेअरला ‘टक’, हाय-हॅटला ‘चिस’. आपले लोक बोलाने शिकतात. केरव्याच्या आठ मात्रा ज्यास येतात त्याने आठही मात्रांवर ‘चिस’ चालू ठेवावे, पहिल्या व पाचव्या मात्रेवर ‘धुम’ आणि तिसऱ्या व सातव्या मात्रेवर ‘टक’ घालावा. हाच ड्रमचा पहिला ठेका. तो प्रथम मांडीवर हातांनी व जमिनीवर पायाने बसवावा, मग संचावर. दुसऱ्या आठवड्यात पट्ट्या काढून घ्याव्या आणि एकाने नाव घ्यावे, दुसऱ्याने वाजवावे. जो चुकेल त्याला हसू नये.

संच विकत घेणाऱ्यांनी यादी लिहून न्यावी व माल उतरवून घेताना एकेका नावापुढे खूण करावी : बास ड्रम, स्नेअर, दोन टॉम, फ्लोअर टॉम, हाय-हॅटची जोडी व तिचा क्लच, क्रॅश, राइड, थाळ्यांचे व स्नेअरचे स्टँड, पेडल व बीटर, बैठक, काठ्यांच्या दोन जोड्या, किल्ली.

दुसरी एक यादी प्रत्येक मंडळीने करावी. आपल्या गावी हलगी, संबळ, ढोलकी अथवा गजी ढोल वाजविणारे जे वृद्ध असतील त्यांच्याकडे तरुणांनी जावे, वाद्याच्या एकेका भागावर बोट ठेवून त्यास ते काय म्हणतात हे विचारावे, आणि ते जसे उच्चारतील तसेच वहीत उतरून घ्यावे. पुस्तकी रूप देऊ नये. हलगीच्या टिपरीस व काडीस गावोगावी निराळी नावे आहेत. चामडे कोणत्या जनावराचे, कडे कोठून करून आणीत, शेकण्यास कोणते जळण वापरीत, हेही विचारावे. ज्यांनी ती हलगी पुष्कळ वर्षांपूर्वी टांगून ठेवली असेल ते प्रथम बोलणार नाहीत. त्यांच्याशेजारी थोडा वेळ बसावे. वही भरली म्हणजे तिची एक प्रत आमच्याकडे पाठवावी, व पाठविताना गावाचे व वाद्याचे नाव वर स्पष्ट लिहावे.